‘उद्या मी तोबान!’ – जपानी बालवाडीतली वाटून घेतलेली कामं

मुगिचा

गेल्या मंगळवारी पहाटे साडेपाचला लेकीने मला हलवून उठवलं. "आई, ऊठ ना. आज मी तोबान आहे." एरवी हिचं पांघरूण सात वाजता ओढून काढावं लागतं. त्या दिवशी बाईसाहेब स्वतः मोजे घालून (एक उलटा) सव्वासातला दारात बूट चढवून उभ्या. होइकुएन (तिची बालवाडी) लवकर उघडते, पण आमची वेळ साडेआठची. तासभर दारातच बसली.

तोबान म्हणजे आज कामाचा नंबर ज्याचा, तो. वय वर्षं साडेचार.

आम्ही टोकियोत एदोगावा वॉर्डात राहतो, निशिकासाईपासून सायकलने दहा मिनिटं. निशिकासाई म्हणजे काय ते इथल्या मंडळींना सांगायला नको, तूरडाळ आणि हिंग संपला की सगळे तिथेच भेटतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: होइकुएन म्हणजे नोकरी करणाऱ्या आईबापांच्या मुलांसाठीची, तान्ह्यापासून पहिलीपर्यंतची दिवसभराची सोय. योचिएन म्हणजे तीन वर्षांपुढची, दुपारी लवकर सुटणारी बालवाडी. ऑक्टोबर २०१९ पासून तीन ते पाच वर्षांच्या मुलांची फी सरकार भरतं, जेवणाचे पैसे मात्र वेगळे.

लेकीच्या वर्गात २१ मुलं. रोज दोन तोबान, बूट ठेवायच्या कप्प्यांच्या क्रमाने. गळ्यात फेल्टचा बिल्ला. सकाळी पुढे उभं राहून सगळ्यांना नमस्कार घालायचा, कोण आलं, कोण नाही ते मोजायचं. मग दोघांनी हात धरून स्वयंपाकघराच्या खिडकीशी जायचं आणि सांगायचं, "कोआला वर्ग, आज वीस जण." तिथल्या मावशी "आरिगातो" म्हणतात आणि त्या आकड्यावर ताटं लावतात. जेवणाआधी टेबलं पुसायची, सगळ्यांचे हात जोडून झाले का बघायचं आणि मोठ्याने "तेओ आवासेते कुदासाई" (हात जोडा) म्हणायचं. मग सगळे एका सुरात "इतादाकिमास", जेवणाआधी म्हणतात ते. (आमच्या घरी रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबा ‘वदनी कवळ’ सुरू करतात. लेक त्यांना थांबवते: "आजोबा, अजून बाबांनी हात जोडले नाहीत.")

हे लिहायला बसले ते एका प्रसंगामुळे. गेल्या महिन्यात पालकांना वर्ग बघायला बोलावलं होतं. एका मुलाच्या हातून मुगिचा, म्हणजे बार्लीचा गार चहा, सांडला. टेबलावरून खाली, खुर्चीवर, त्याच्या चड्डीवर. माझे हात शिवशिवले. सेन्सेई (वर्गाच्या बाई) चार पावलांवर उभ्या होत्या, त्यांनी पाहिलं हे मला दिसलं, आणि त्या हलल्या नाहीत. मी मनात मोजायला लागले. बाराव्या आकड्याला तोबान मुलगी झोकिन (पुसायचं फडकं) घेऊन आली. दुसऱ्याने खुर्ची ओढली. एक शहाणा नुसताच उभा राहून सांगत होता, "दोन हातांनी धरायचं असतं." ज्याने सांडलं त्याला कुणीतरी दुसरं फडकं दिलं आणि तो रडत रडत पुसायला लागला. पुसलं म्हणजे काय, फरशीभर पसरवलं. मुलं दुपारी झोपल्यावर सेन्सेईंनी तीच जागा पुन्हा पुसली. आवाज न करता.

घरी सांडलं की मी तिसऱ्या सेकंदाला फडकं मारते. तुमच्याकडे काय होतं? घरी, बालवाडीत, कुठेही. लिहा.

ठाणे_स्लो

छान लिहिलंय. पण खरं सांगू, यात नवीन काय? आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत दर शनिवारी वर्ग सारवायचो. शेण आणायची पण पाळी होती. त्यावर कुणी कौतुकाचे धागे काढले नाहीत. :)

कैरीचंपन्हं

वाचतेय. बिल्ल्याचा फोटो टाक ना.

बालवाडीताई

पुण्यात २३ वर्षं बालवाडी घेतेय, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

चहा सांडल्यावर बारा आकडे थांबणं म्हणजे काय ते मला विचारा. आमच्याकडे सांडलं की मावशी धावतात. मावशी नाही धावल्या तर मी धावते. कारण पुढची ओळ, पुढचं गाणं, पुढची डब्याची सुट्टी. शिवाय दारात आई उभी असते. गेल्या वर्षी मी मोठ्या गटाला खडू गोळा करायला, चटया गुंडाळायला लावलं. आठवड्याभरात तीन पालक आले. एक म्हणाले, "मॅडम, आम्ही फी कशासाठी भरतो?" मुलगा मात्र चटई सोडायला तयार नव्हता, त्याला ती बगलेत धरून मिरवायची होती.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं तेव्हा पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. अंगण झाडणं, पाणी भरणं, धाकट्याला कडेवर घेणं हे त्या मुलांना शिकवावं लागत नव्हतं, ते घरूनच करत यायचे. शहरातल्या मुलांचं आम्ही ते काढून घेतलं आणि आता वर्कशीटवर ‘मदत करणाऱ्या मुलाला रंग द्या’ करतो.

प्रश्न असा: एका सेन्सेईमागे मुलं किती? आणि तोबानने काम नाही केलं तर शिक्षा काय?

मुगिचा

@ठाणे_स्लो, शेणाचा धागा तुम्ही काढा, मी पहिली प्रतिक्रिया देते.

@बालवाडीताई, इथे २१ मुलांना एक सेन्सेई, शिवाय एक मदतनीस अर्धा दिवस. शिक्षा काहीच नाही. बक्षीसही नाही, चांदणी नाही, चॉकलेट नाही. बिल्ला संध्याकाळी खुंटीला परत. आणि मस्ती केली म्हणून तोबानपण काढून घेतलेलं मी तरी आजवर पाहिलं नाही. मी विचारलंही होतं. सेन्सेई गोंधळल्या. म्हणाल्या, "पण मग टेबल कोण पुसणार?"

एक मात्र आहे. तोबान विसरला तर मुलंच सांगतात, "तोबान-सान, टेबल!" सेन्सेईंना तोंड उघडावं लागत नाही.

जुनी_वही

मुलांच्या संख्येबद्दल थोडी भर. चार वर्षांपुढच्या ३० मुलांमागे एक शिक्षक हा नियम जपानने १९४८ मध्ये केला आणि तो ७६ वर्षं तसाच होता. २०२४ मध्ये तो २५ वर आला. तीन वर्षांच्या मुलांसाठी २० वरून १५. तान्ह्या बाळांसाठी मात्र तिघांना एक असतो.

गंमत म्हणजे संशोधक जोसेफ टोबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात क्योतोची एक होइकुएन, एक चिनी आणि एक अमेरिकन बालवाडी कॅमेऱ्यात टिपली आणि ते चित्रण तिन्ही देशांतल्या शिक्षकांना दाखवलं (पुस्तक १९८९ चं). क्योतोच्या वर्गात एक दांडगट पोरगा मारामारी करतो, दुसऱ्याच्या हातावर पाय देतो आणि बाई मध्ये पडत नाहीत. अमेरिकन शिक्षक हादरले. जपानी शिक्षकांचं म्हणणं असं, की आम्ही दुर्लक्ष करत नाही, थांबतो, म्हणजे बाकीची मुलं मध्ये पडतील. वर्ग लहान केला तर मूल सारखं बाईंच्या पदराला राहील, मुलांमुलांत मिसळायला शिकणार नाही, असंही ते म्हणाले. तीस मुलं ही त्यांना अडचण वाटत नव्हती, पद्धतच वाटत होती.

या थांबण्याला तिकडे ‘मिमामोरु’ म्हणतात. मि म्हणजे पाहणं, मामोरु म्हणजे राखणं. आपल्याकडे गुरं राखतात, शेत राखतात, तसं लांबून राखणं. मुगिचा यांनी लिहिलंय ना, ‘त्यांनी पाहिलं हे मला दिसलं’, तेच.

ओसाकाकर

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मीठ घालतो.

ओसाकात ११ वर्षं झाली. दोन्ही मुलं होइकुएनमधून गेली. मोठीला तोबान फार आवडायचं. धाकटा वेगळा. त्याला मोठ्या आवाजांचा त्रास होतो, पुढे उभं राहून बोलणं जमत नाही. त्याचा नंबर आला की आदल्या रात्री पोट दुखायचं. सेन्सेई प्रेमळ होत्या, त्यांनी जोडीदाराला बोलू दिलं, याने नुसतं शेजारी उभं राहायचं. पण मुलं सोडतात का? "तो बोलत नाही, तो तोबान नाही." तुम्ही वर कौतुकाने लिहिलंय की सेन्सेईंना तोंड उघडावं लागत नाही, मुलंच सांगतात. बरोबर. एकवीस पोरं एकाला सांगतात तेव्हा ते कसं लागतं, हे त्या एकाला विचारा.

जेवणाचंही तेच. ताट स्वच्छ करायचं. धाकटा उकडलेला भोपळा खात नसे. सगळे त्याच्यासाठी थांबून राहायचे. कुणी रागावलं नाही, नुसते थांबले. त्याने डोळे मिटून गिळला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दारातून बघत होतो. टाळ्या ऐकून मला बरं वाटलं नाही. आता पूर्ण ताट संपवण्याचा आग्रह सोडा असं इकडेही बरेच लोक म्हणतायत, पण तेव्हा उशीर झाला होता.

‘मिन्ना दे’, म्हणजे सगळे मिळून, हा शब्द रोज पन्नास वेळा कानावर येतो. त्याची ऊब खरी आहे. पण त्या ‘सगळ्यां’मध्ये जो मावत नाही त्याचं काय, याला उत्तर मला शाळेत कुणी दिलं नाही.

आणि पालकांची वाटणी? प्रत्येक मोजा, प्रत्येक रंगकांडी, प्रत्येक डायपरवर नाव. वापरलेले डायपर पिशवीत बांधून घरी न्यायचे, हे आम्ही दोन वर्षं केलंय. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सांगितलं की शक्यतो शाळेतच विल्हेवाट लावा, तेव्हा कुठे हे ठिकठिकाणी बंद व्हायला लागलं. ताप ३७.५ झाला की फोन. तो फोन नेहमी आईला येतो, बापाचा नंबर पहिला लिहिला असला तरी.

कैरीचंपन्हं

बाप रे. डायपर घरी??

मुगिचा

@ओसाकाकर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. भोपळ्याचं वाचून पोटात गोळा आला. आमच्या इथे ‘थोडं वाढा’ म्हणायची मुभा आहे. ताट घेतानाच मुलं सांगतात, "सुकुनामे", म्हणजे कमी. पण ‘नको’ म्हणायची आहे का? आता विचार करतेय. मी लेकीला कधी ‘नको’ म्हणताना ऐकलेलं नाही, आणि ते मला आजवर चांगलंच वाटत होतं.

फोन मलाच येतो, याला +१.

निळी_पाटी

चांगली चर्चा. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आपल्याकडे झाडू कुणाच्या हातात द्यायचा हा कधीच साधा प्रश्न नव्हता. माझी शाळा मराठवाड्यातल्या एका गावातली, नाव सांगत नाही. शनिवारची सफाई आमच्याकडेही होती, @ठाणे_स्लो. वर्ग झाडायला सगळे. मुतारीवर पाणी टाकायला मात्र आमच्याच आळीची दोघं-तिघं. गुरुजी कधी जातीचं बोलले नाहीत. नुसतं नाव घ्यायचे. पिण्याच्या पाण्याचा माठ भरायचं काम आम्हाला सात वर्षांत एकदाही आलं नाही.

म्हणून मला तोबानमधली आवडलेली गोष्ट सफाई नाही, क्रम आहे. बूट ठेवायच्या कप्प्यांच्या क्रमाने नंबर येतो, बाई ‘नाव घेत’ नाहीत. बिल्ला गळ्यात असतो आणि त्याच बिल्ल्यात टेबलही पुसायचं असतं, पुढे उभं राहून बोलायचंही असतं. काम आणि मान वेगळे केले की काय होतं ते आपण बघितलंय.

जपान सोवळ्यातून सुटलेला नाही हेही खरं. चामड्याचं, कत्तलीचं काम करणाऱ्यांच्या वस्त्या तिथेही वेगळ्या होत्या. बुराकुमिन म्हणून शोधा. तेव्हा ‘त्यांच्या रक्तातच आहे’ वगैरे कृपया नको.

ठाणे_स्लो

@निळी_पाटी, माझी वरची प्रतिक्रिया वाचून आता कसंतरी वाटतंय. आमच्याकडे शेण कोण आणायचं ते आठवायचा प्रयत्न करतोय. मी नव्हतो आणत.

जुनी_वही

‘रक्तातच आहे’ला पूर्ण विरोध. बालवाडी ही जपानने बाहेरून आणली. टोकियोत १८७६ मध्ये पहिली सरकारी बालवाडी निघाली ती जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या पद्धतीची, ठोकळे ठरलेल्या क्रमाने मांडायचे, बाईंनी सांगायचं, मुलांनी करायचं. पुढे कुराहाशी सोझो (१८८२–१९५५) यांच्याकडे तिची सूत्रं आली. त्यांनी फ्रोबेलचे ते पवित्र ठोकळे पेट्यांतून काढून एका टोपलीत एकत्र ओतले आणि मुलांना खेळायला दिले, असं सांगतात. क्रम गेला, खेळ आला. त्यांना जपानच्या बालशिक्षणाचे जनक म्हणतात.

आणि आजचं सगळं लेखी आहे, संस्कृतीच्या धुक्यातून आलेलं नाही. २०१८ पासून लागू असलेल्या मार्गदर्शिकेत बालवाडी संपेपर्यंत मुलात दिसाव्यात अशा दहा गोष्टी लिहिल्यात. स्वावलंबन, सहकार्य, नियमांची जाण, समाजाशी नातं, निसर्गाशी नातं वगैरे. अक्षर-अंकांची गोडी त्यात एका कलमात आहे. दहातल्या एका.

इजिप्तने तर शाळेतली ही कामवाटपाची पद्धत जपानशी झालेल्या २०१६ च्या करारानंतर मुद्दाम नेली आणि २०१८ पासून तशा शाळा उघडल्या. त्यांच्या रक्तात कुठून आलं असेल?

अवांतर: ‘जपानी शाळेत सफाई कामगारच नसतात’ हा व्हॉट्सॲप संदेश मला आठवड्यातून एकदा येतो. असतात. प्राथमिक शाळेत देखभालीचा माणूस असतो. मुलं झाडतात ती शिकण्यासाठी, पगार वाचवण्यासाठी नाही.

नाशिकची_द्राक्षं

आम्ही घरी करून बघितलं. फ्रिजवर तक्ता, पाच वर्षांच्या जुळ्यांना रोज एक काम, काम झालं की चांदणी, दहा चांदण्या म्हणजे आइस्क्रीम. पहिला आठवडा घर चकाचक. दुसऱ्या आठवड्यात वाटाघाटी. "ताट उचललं तर किती चांदण्या? चमचा वेगळा धरणार का?" तिसऱ्या आठवड्यात तक्ता मीच फाडला.

काय चुकलं?

बालवाडीताई

@नाशिकची_द्राक्षं, हसले आणि मग हळहळले, कारण मीही वर्गात चांदण्या वाटते.

मला वाटतं मुगिचा यांच्या त्या सेन्सेईंनीच सांगून टाकलंय: ‘मग टेबल कोण पुसणार?’ तुमच्या तक्त्यावरचं काम जुळ्यांनी नाही केलं तर तुम्ही करणार होतात. त्यांना ते माहीत होतं. तिथे आकडा सांगितला नाही तर स्वयंपाकघरातल्या बायका खरंच खोळंबतात. असं एखादं काम शोधा की जे अडेल. आणि ते अडू द्या.

मी परवापासून एक सुरू केलंय. खाऊच्या वाट्या मोजायचं काम दोन मुलांकडे. मावशींना ताकीद दिलीय की स्वतः मोजायच्या नाहीत. मावशी माझ्यावर रुसल्यात. पहिल्या दिवशी चार वाट्या कमी आल्या, दुसऱ्या दिवशी अकरा जास्त. पण @ओसाकाकर, तुमचा धाकटा डोक्यातून जात नाही. माझ्या वर्गातही एक आहे. त्याला मी वाट्या मोजायला दिल्या नाहीत, मोजलेल्या वाट्यांवर झाकण ठेवायला दिलं. बोलावं लागत नाही, पण त्याच्याशिवाय खाऊ वाटताही येत नाही. जमतंय का बघू.

ओसाकाकर

झाकणाचं आवडलं. आमच्याकडे शेवटच्या वर्षी थोडं असंच झालं. वर्गाने बीटल पाळले होते, काबुतोमुशी. त्यांच्या पेटीतली माती ओली ठेवायचं काम धाकट्याला मिळालं. बीटल ओरडत नाहीत. त्याने एक दिवस चुकवला नाही, तापातसुद्धा "माती, माती" करत होता. आता तो तेरा वर्षांचा आहे, आणि भोपळा अजूनही खात नाही.

मुगिचा

ताजी खबर. काल पुन्हा लेकीचा नंबर होता. वर्गात सर्दी-तापाची साथ, जोडीदार गैरहजर, म्हणून ही एकटीच तोबान. रेन्राकुचोत (शाळा आणि घर यांच्यात रोज फिरणारी वही) सेन्सेईंनी लिहिलंय ते जसंच्या तसं सांगते.

लेकीने वर्गात फिरून, प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजलं. चौदा. स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली, "कोआला वर्ग, आज चौदा जण." मावशींनी विचारलं, "नीट मोजलंस?" "हो." "आणि तोबान-सान आज जेवणार नाही का?" ही तिथेच उभी. मग धावत वर्गात, पुन्हा सगळ्यांच्या डोक्यावर हात, पुन्हा चौदाच. सेन्सेई दारातून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत (अर्थात!). तिसऱ्या वेळी तिने शेवटी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला.

आजोबांना फोनवर सांगितलं, तर ते खुर्चीतून उठायचेच बाकी होते. "अगं, ही तर ‘दशमस्त्वमसि’ची गोष्ट! नदी ओलांडलेले दहा जण!" त्यांनी ती सगळी सांगितली, दहावा कसा सापडत नाही, वाटसरू कसा येतो आणि ‘दहावा तूच’ म्हणतो. लेकीने शांतपणे ऐकून घेतली.

मग म्हणाली, "त्यांचा तोबान कोण होता?"

कैरीचंपन्हं

😂😂 बिल्ल्याचा फोटो अजून आला नाहीये.